पाय माझा नॉर्मल आहे

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.२०
ही आज पुन्हा सहाला चालायला गेली. थोरल्या मेहुणीबरोबर आणि साडूबरोबर. ते दोघं महिन्यापूर्वी आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आलेत. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना घर मिळालं ते नेमकं तिथे. मला आनंदच आहे.
परत आली तेव्हा दारातच हसत उभी. काय झालं विचारलं, तर म्हणाली, भावोजींनी वाटेत एक गंमत सांगितली. काय गंमत? म्हणाली, ती त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी.
मीही रोज गेलो असतो. प्रश्न फक्त बुटांचा आहे. आहेत ते बूट दहा मिनिटांत करंगळी चिरडतात. चांगले बूट आले की दुसऱ्या दिवसापासून रोज पाच किलोमीटर. हे लिहून ठेवतो.

बुधवार, ५ मार्च
बुटांच्या दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, साहेब, पाय जरा ब्रॉड आहे तुमचा. मी त्याला शांतपणे सांगितलं, पाय माझा नॉर्मल आहे, तुमच्या कंपन्या बूट अरुंद काढतात.
साडूकडे आहेत तेच मॉडेल घेतलं. राखाडी, बाजूला निळी रेघ. आठ नंबर. थोडे आवळतात. सेल्समन म्हणाला, वापरून सैल होतील. अनुभवी माणूस वाटला.
साडू अठ्ठावन्न वर्षांचा आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पाय मात्र कॉलेजातल्या पोरासारखे, लांब आणि निमुळते. कुठल्याही दुकानात शिरतो, समोर दिसेल तो जोड घालतो आणि चालू पडतो. यात त्याचं कर्तृत्व काय? जन्मतःच मिळालेली गोष्ट. पण ही त्याचं कौतुक करताना ते लक्षात घेत नाही.

गुरुवार, ६ मार्च. ऑफिस, दुपारी ३
बूट अजून सैल होतायत.
एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतोय. मापाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. लंच टाइममध्ये ट्रेसिंग पेपर जमिनीवर टाकला, त्यावर पाय ठेवला आणि पेन्सिल फिरवली. सर्वांत रुंद जागी नऊ सेंटिमीटर. म्हणजे पाय नॉर्मल. बाजूच्या टेबलवरची टायपिस्ट म्हणाली, पेन्सिल उभी धरा की, तिरकी धरून पायाखाली घालताय. तिला ड्रॉइंगमधलं काही कळत नाही.

सोमवार, १० मार्च
वाईट दिवस. दुपारी टेबलाखाली बूट काढून बसलो होतो. कोणाला दिसत नाही, आणि सगळे तेच करतात. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन, पूर्वेकडच्या पाइपलाइनचा नकाशा घेऊन ताबडतोब वर या. पाय फुगलेले. बूट काही केल्या चढेनात. टाच दाबली, ती आत सरकवायला मागे स्टीलची पट्टी घातली, पट्टी वाकली.
शेवटी मोज्यांवरच गेलो. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर. केबिनमध्ये बाहेरचे चार कॉन्ट्रॅक्टर. साहेबांनी नकाशा बघितला, मग खाली बघितलं. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, नवीन फरशी आहे सर, डाग नकोत. साहेब म्हणाले, फरशी सहा वर्षांची आहे.
घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साडूपर्यंत गेलं असतं, आणि उद्या त्याची आणखी एक गंमत तयार झाली असती.

शनिवार, १५ मार्च
मेहुणी लेकीकडे गेली. नातू झालाय. तीन महिने तिकडेच.
म्हणजे आता सकाळी ही आणि साडू. दोघंच.
मला काही वाटत नाही. आम्ही एकाच घरचे जावई. माणूस सज्जन आहे. फक्त हिने आज केस नीट विंचरून वर बांधले होते, एवढं दिसलं. चालताना मानेवर घाम येतो म्हणे. आधी येत नव्हता?

रविवार, १६ मार्च
साडू संध्याकाळी आला. बागेजवळच्या चालणाऱ्यांच्या क्लबने तेरा एप्रिलला 'जोडीने चाला' ठेवलंय. पाच किलोमीटर. दोघांनी बरोबर निघायचं, बरोबर पोचायचं. नवरा-बायकोच हवेत असं नाही, कोणतीही जोडी चालते. मेहुणी नाही म्हणून साडूने स्वतःचं आणि हिचं नाव द्यायचं ठरवलंय. मला विचारलं, तुमची काही हरकत नाही ना, साडूभाऊ?
मी म्हटलं, हरकत कसली, पण मी आहे ना! मी चालणार हिच्याबरोबर.
 ही म्हणाली, अहो, पायांचं काय? मी म्हटलं, पायांना काय झालंय?
साडू मोठ्या मनाने म्हणाला, वा, मग मी पाण्याच्या टेबलवर उभा राहतो. मोठं मन दाखवायची संधी हा माणूस सोडत नाही.
चार आठवडे हातात आहेत. भरपूर झाले.

गुरुवार, २० मार्च
बूट रुंद करण्याचा उपाय वाचला. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून बुटात ठेवायची आणि बूट फ्रीजरमध्ये. पाण्याचा बर्फ होतो, फुगतो, बूट रुंद होतो. शुद्ध विज्ञान. लगेच ठेवले.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ८
पिशवी गळली. डावा बूट फ्रीजरच्या तळाला चिकटला. हिने मटार काढायला दार उघडलं आणि किंचाळली. मी विज्ञान समजावून सांगितलं. ती म्हणाली, आधी मटार सोडवून द्या.
बुटाचा तळ निघाला. उजवा होता तेवढाच आहे.

मंगळवार, २५ मार्च
नवीन विचार. नंबर वाढवला की रुंदीही वाढते. इतकं साधं सुचलं कसं नाही? दहा नंबर घेतले. बोटांना पहिल्यांदाच मोकळीक. पुढे इंचभर जागा रिकामी आहे, तिथे कापूस भरला.

बुधवार, २६ मार्च
ऑफिसच्या जिन्यावर पडलो. बुटाचं टोक पायरीला लागलं, मी वर, बूट खाली. टाचही सुटते, प्रत्येक पावलाला फटक फटक आवाज येतो. शिपाई म्हणाला, साहेब, तुम्ही येताय ते दोन मजले आधी कळतं.
गुडघा सुजलाय. दोन दिवस विश्रांती. सराव शनिवारपासून.

शनिवार, २९ मार्च
गुडघा अजून पूर्ण बरा नाही. सराव सोमवारपासून.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी ७
आज मुद्दाम बागेकडून गेलो. पाळत वगैरे नाही, दूध आणायचं होतं. दूध आमच्या खालीच मिळतं, पण रोज एकाच ठिकाणचं घ्यावं असं कुठे आहे?
बागेच्या कुंपणाशी थांबलो. बाकावर ही बसली होती. आणि साडू तिच्यासमोर एक गुडघा टेकून. हातात हिचा पाय. बूट घातलेला पाय, पण पाय. अंगठ्याने पुढे दाबत होता आणि ही मान हलवत होती. मग दोघं हसले.
दूध न घेताच घरी आलो. ऑफिसला निघायला अजून वेळ आहे. बसलोय.
सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. मी हिचा पाय असा कधी हातात घेतला? आठवत नाही. घ्यायचं काही कारणच पडलं नाही.

सोमवार, ३१ मार्च. रात्री १०
विचारलं. सरळ नाही. जेवायला बसलो तेव्हा म्हटलं, आजकाल बागेत लोक गुडघे टेकून बसतात म्हणे.
ही आत गेली आणि बूट घेऊन आली. जांभळे, पुढून गोल, रुंद. म्हणाली, हे बघा. भावोजी बघत होते, महिनाभर वापरून अंगठ्यापुढे अजून जागा आहे का. पाय हातात घेतला नव्हता, बूट दाबत होते.
मग तिने सगळं सांगितलं. म्हणाली, आमच्या माहेरी सगळ्यांचेच पाय रुंद, माझे, ताईचे, आईचेही होते. फेब्रुवारीत चालायला लागले तेव्हा दोन्ही करंगळ्यांना फोड आले. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, तू लंगडतेयस. ताईसाठी त्यांनी एक दुकान शोधून काढलंय, तिथे रुंदी मोजून बूट देतात. ताईबरोबर मलाही घेऊन गेले.
मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?
ती म्हणाली, सत्तावीस वर्षं मी लग्नाकार्यातून आले की दारातच चपला काढून पाय चोळत बसते. तुम्हाला काय वाटायचं?
खरं लिहायचं तर, मला वाटायचं ती दमते. आणि रस्त्याने माझ्यामागे राहते ते स्वभावाने सावकाश म्हणून. तेव्हा तर मी उलट थांबून हाक मारायचो, अगं चल की लवकर.
साडूला तीन दिवसांत दिसलं. अर्थात त्याला रिटायरमेंटनंतर दुसरं काम काय आहे? मला दिवसभर नकाशे बघावे लागतात.
जेवण नीट गेलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल
हिच्याबरोबर त्या दुकानात गेलो. औषधांच्या दुकानावरचा माळा. संध्याकाळीच या म्हणतात, कारण दिवसभरात पाय फुगतात, आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी बसत नाही. (सोमवार, १० मार्च! म्हणजे चूक माझी नव्हती.)
मापं घेणारी बाई साठीची, चष्मा गळ्यात. मला उभं केलं. बसून माप घ्यायचं नाही, वजन पडलं की पाय पसरतो. लोखंडी पट्टीवर पाय, बाजूने सरकणारा दांडा. दांडा आत सरकेना. ती म्हणाली, आहाहा.
मी तिला माझं ट्रेसिंग दाखवलं. तिने पाच सेकंद बघितलं आणि म्हणाली, पेन्सिल तिरकी धरलीत.
खरं माप : लांबी सात नंबर. सात! रुंदी अकरा सेंटिमीटर. म्हणजे जन्मभर मी एक नंबर मोठा बूट घालून शिवाय आवळून घेत होतो. ही मागे उभी होती. हसली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवतो.
बाईने तीन जोड काढले. प्रत्येकाचा आतला तळ बाहेर काढून त्यावर मला उभं केलं. पाय तळाबाहेर सांडला तर तो बूट तुमचा नाही, म्हणाली. तिसऱ्यावर सांडला नाही. काळे, साधे, बदकाच्या चोचीसारखे. घातले. दुकानात पंधरा मिनिटं चालवलं.
काय लिहू? पायात काहीच नाही असं वाटलं. दहाच्या दहा बोटं वेगवेगळी जाणवली. डोळ्यांत पाणी आलं. माळ्यावर धूळ फार आहे.
बाईने विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? हीच उत्तर देऊन मोकळी झाली, ते नॉर्मल बूट घालत होते.

शुक्रवार, ४ एप्रिल
साडूने बूट बघितले. छान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मला थोडा मत्सर दिसला. हिने विचारलं, सराव करायचा का? म्हटलं, बूट आत्ताच झिजवायचे नाहीत. ताजे राहू देत.

बुधवार, ९ एप्रिल
हिशेब केला. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये पन्नास पावलं, त्यावरून ताशी वेग. आम्ही पन्नास मिनिटांत पोचणार. साडू आणि हिची नेहमीची वेळ अठ्ठावन्न. साडू पाण्याच्या टेबलवर उभा असेल, आम्ही न थांबता पुढे जाणार. मी फक्त हात वर करणार.

शनिवार, १२ एप्रिल. संध्याकाळी
हिला वाटेत सांगायला एक गंमत तयार ठेवली आहे. आरशासमोर दोनदा म्हणून बघितली.

रविवार, १३ एप्रिल. दुपारी १
सकाळी साडेसहाला निघालो. साठ-सत्तर जोड्या. बाप-लेकी, सासू-सून, दोन म्हातारे मित्र हातात हात घालून. आमचा नंबर एकेचाळीस, एका जोडीला एकच कागद, तो हिच्या पाठीला.
पहिला किलोमीटर अप्रतिम. बूट म्हणजे बूट! मी पुढे, ही बरोबर. मी गंमत सांगितली. मध्ये दोनदा धाप लागल्यामुळे शेवट नीट जमला नाही. ही हसली, पण ते मला बरं वाटावं म्हणून.
दीड किलोमीटरला बरगडीत कळ आली. मग घसा कोरडा. मग पायांच्या पोटऱ्या, ज्यांचा बुटांशी काही संबंध नसतो. सासू-सून पुढे गेल्या. दोन म्हातारे पुढे गेले, त्यातल्या एकाने मला धीर दिला.
बाक आला. मी बसलो. ही वाकून म्हणाली, काय होतंय?
मी म्हटलं, बूट चावतायत.
ती खाली बसली. गुडघा टेकून. माझा बूट हातात घेतला, अंगठ्यापुढे दाबलं, बाजूंना दाबलं, टाचेत बोट घालून बघितलं. कुठे चावतो?
सगळीकडे, म्हटलं.
तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी घामाने निथळत होतो, तोंड उघडं. तिला सगळं कळलं.  नाडी पुन्हा नीट बांधली आणि माझ्याशेजारी बसली.
जोड्या जात होत्या. ही त्यांच्याकडे बघत होती आणि तिची टाच जमिनीवर हलत होती. मी म्हटलं, तू जा, नंबर तुझ्याकडेच आहे. ती म्हणाली, बरोबर पोचायचं असतं. मी म्हटलं, पुढे भावोजी आहेत, ते येतील तुझ्याबरोबर. ती म्हणाली, खरंच जाऊ? मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, खरंच? मी पुन्हा हो म्हटलं. मला वाटलं, तिसऱ्यांदा विचारेल.
उठली आणि गेली. काय चालते! लांब पावलं, हात मोकळे, केस वर बांधलेले. सत्तावीस वर्षांत मी हिला असं चालताना पाहिलं नव्हतं. वळणापर्यंत तिने सात जोड्या मागे टाकल्या, मी मोजल्या.
मग मी बराच वेळ तिथे बसून होतो. बूट पायातच होते. कुठेही चावत नव्हते.