श्रीधरला रॉक शिकवण्याबाबत

५ नोव्हेंबर १९९५, रविवार
समोरच्या फ्लॅटमधल्या श्रीधरने आज सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांना साठच्या दशकातलं रॉक ऐकवलं. कॅसेटवर. मी म्हणालो, माझ्याकडे त्या काळातल्या अस्सल रेकॉर्डी आहेत, एका रविवारी मी बोलू का? सगळ्यांसमोर म्हणाला, मेहबूबभाई, आपण कव्वालीचं बघा, रॉक राहू द्या आमच्याकडे. पोरं हसली. माझी परवीनसुद्धा. घरी आल्यावर म्हणाली, अब्बा, मला खोकला आला होता.
माझ्या मनात राग नाही. त्याने याच हॉलमध्ये, याच पोरांसमोर 'माझं चुकलं' म्हणावं. मोठ्याने. बास.

६ नोव्हेंबर, फजरच्या नमाजनंतर
दुआ मागितली. कुणाचं वाईट मागू नये. म्हणून श्रीधरचा फक्त घसा बसावा एवढंच मागितलं, तेही थोड्या दिवसांपुरतं.

८ नोव्हेंबर
श्रीधर जिन्यात शीळ घालत होता. सर्दी मला झाली आहे.
माळ्यावरून पेटी काढली. अठरा छोट्या रेकॉर्डी, एकीवरही चरा नाही. लोणी काळभोरची शाळा संपवून मी पुण्याच्या कॅम्पात दादामियाँ मामूंच्या शिलाईच्या दुकानात आलो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारं अँग्लो-इंडियन कुटुंब एकोणसत्तर साली ऑस्ट्रेलियाला गेलं, तेव्हा पेटी मला देऊन गेलं. तेव्हापासून ऐकतोय. मामूंच्याच प्लेअरवर. त्यांच्याकडे कव्वालीच्या मोठ्या रेकॉर्डी होत्या. मुलं वेगाचा खटका उगाच फिरवतात म्हणून त्यांनी त्यावर पट्टी चिकटवली. मामू गेले, पण पट्टीला मी हात लावलेला नाही. वडीलधाऱ्यांचा मान.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजहून येऊन भाषण लिहायला घेतलं. मुख्य मुद्दा : रॉक म्हणजे धांगडधिंगा असं श्रीधर सांगतो, ते साफ खोटं आहे. रॉक संथ आहे. गायक एक शब्द उच्चारतो, त्यावर विचार करतो, मग पुढचा घेतो. आवाज खर्जातले. हे लोक साठीच्या पुढचेच असणार, त्याशिवाय एवढी विरक्ती येत नाही. पाकिटांवर विशीतल्या पोरांचे फोटो आहेत. बहुधा गायकांची मुलं. एका पाकिटावर तर बाई आहे. ती छापखान्याची चूक.
श्रीधरच्या कॅसेटवर हीच गाणी धावत सुटतात. त्याचा टेपरेकॉर्डर बिघडलाय. हे मी त्याला सांगणार नाही. भर हॉलमध्ये सांगणार.

११ नोव्हेंबर
सेक्रेटरी मंदाकिनीबाईंनी एकोणीस तारीख दिली. म्हणाल्या, श्रीधररावांची काही हरकत नाही. घाबरला.

१७ नोव्हेंबर
जुबेदासमोर रंगीत तालीम. म्हणाली, अहो, हे गातायत की यांना कुणी मारलंय? दुसऱ्या गाण्याला तिला झोप लागली. चित्त शांत होणं म्हणतात ते हेच. भाषणात हा अनुभव घातला. नाव न घेता.

१९ नोव्हेंबर, रविवार
जिंकलो!
तीस पोरांना निरोप दिला होता, अकरा आली. मोजकीच बरी. पहिल्या गाण्याला तळमजल्यावरच्या मच्छिंद्रने विचारलं, काका, सेल उतरलेत का? मी सांगितलं, बाळा, हा विजेवर चालतो. श्रीधर पुढच्या रांगेत होता. मध्येच उठून प्लेअरपाशी आला. खटक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परवीनकडे पाहिलं आणि गुपचूप जाऊन बसला. त्याची मुलगी नीरजा काहीतरी बोलणार होती, त्याने तिचा हात दाबला. टेपरेकॉर्डर बिघडल्याचं मी जाहीर केलं, तेव्हा मान खाली.
शेवटी उभा राहिला. म्हणाला, माझं चुकलं, मेहबूबभाई. रॉकबद्दल यापुढे आपणच बोलावं. मोठ्याने म्हणाला. टाळ्या पडल्या.
जुबेदाला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा म्हणाली, ऐकलंय.

२० नोव्हेंबर
माफी तोंडी आहे. तोंडी माफी माणसं विसरतात. ती लेखी घेऊन नोटीस बोर्डावर लावावी, असं पत्र सोसायटीला लिहिलं. क्षमा करायची की नाही ते नंतर बघू. घाई नाही.

२२ नोव्हेंबर
पत्र द्यायला निघालो, तर परवीनने ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, अब्बा, हे देऊ नका, पाया पडते. मग रडली. मग नखाने मामूंची पट्टी खरवडून काढली आणि खटका सरकवला. म्हणाली, छोटी रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची असते, तुमची तेहतीसनेच फिरतेय.
गाणं अडीच मिनिटांत संपलं. म्हातारा विशीतला पोरगा निघाला. दुसऱ्या रेकॉर्डवर खरोखरच बाई होती.
विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे? म्हणाली, सगळ्यांना. त्या दिवशी श्रीधरकाकांनी पोरांना जिन्यात थांबवून दम दिला, मेहबूबभाईंसमोर कुणी एक शब्द काढलात तर माझ्याशी गाठ आहे.
म्हणजे माझी कीव केली. त्याने. माझी.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजेत लक्ष लागलं नाही. नवीन सूड हवा. पण कशाबद्दल घ्यायचा, ते सुचेना. 'मेहबूबभाईंचा मान राखला' असं तक्रारीत कसं लिहायचं?
त्याने पुन्हा एकदा अपमान करावा, अशी दुआ मागावीशी वाटली. मागितली नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार
मुद्दाम त्याच्या वेळेला जिना उतरलो. काहीतरी बोलेलच, पुणेकर आहे. म्हणाला, मेहबूबभाई, पुढचं सत्र कधी घेताय? चेहऱ्यावर थट्टा शोधली. नव्हती.
नळाला पाणी आलंय का विचारलं. आलंय म्हणाला.
वर जाऊन नळ सोडून पाहिला. आलं होतं.