अर्ध्या बोटाचा उतार

ता. ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. शिलाईचं दुकान चालू आहे, तुझ्या भावोजींची पाठदुखीही चालू आहे. मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला.

बक्षिसाबद्दल अभिनंदन. तुझ्या कोटाचा फोटो छापलेलं मासिक शेजारणीने आणून दिलं. तिला काय ते कौतुक, तूच तिची बहीण असल्यासारखं. मीही हसून घेतलं.

त्यात लिहिलंय, 'डाव्या खांद्याचा किंचित उतार ही या डिझायनरची प्रतिभा.' प्रतिभा कसली डोंबलाची. लहानपणी भिंतीवरून पडले तेव्हापासून माझा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे. नवा नमुना मी आधी स्वतःच्या अंगावर बेतते आणि मग कागदावर खांदा सारखा करते. तू नेलेस ते माझ्या कपाटातले नमुन्यांचे कागद कच्चे होते. ते सारखे करायचे असतात, हे तुला ठाऊकच नव्हतं.

अकरा वर्षांचं काम होतं गं ते. तुमच्या कंपनीला पाठवायचं मनात आहे, हे फक्त तुला बोलले होते.

दोन दिवस तुला मनातल्या मनात चोर म्हणत होते. मग आठवलं, तू आलीस तेव्हा कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे होती. विचारलं. हे कॉलरला इस्त्री करत होते, मान वर केली नाही. म्हणाले, "मीच दिले. तू पाठवले असतेस, तुला बोलावणं आलं असतं, तू गेली असतीस. आपलं सुखाचं चाललंय ना?" आणि तू म्हणे त्यांना म्हणालीस, "ताई सुखी आहे, तिला नाव काय करायचंय? माझ्याकडे दोन्ही नाही."

सुखी होते मी, खरंच. नाव नाही झालं तर नाही, घरात आपलं माणूस आहे, असं रोज स्वतःला सांगायचे. तेच आता सांगता येत नाही, याचा फार राग येतो. दोघांपैकी एकाने नुसतं विचारलं असतं, तर कदाचित मीच ते कागद बांधून तुझ्या हातात दिले असते. कपडा मी बेतला, बेत तुम्ही केलात.

तुमच्याकडे कटरची जागा निघाली, मी अर्ज केलाय. मुलाखत तू घेणार, असं पत्र आलंय. मंगळवारी अकराला येते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तूही कळवू नकोस. कळवलंस तर ते मला त्यांच्या तोंडावरून समजेल.

आणि तिथे चार लोकांत मला ताई म्हणू नकोस. अर्जावर माझं नाव आहे, त्या नावाने हाक मार.

मंगळवारपर्यंत तुझी,
ताई