बाकड्याचं दुसरं टोक

नेब्रास्का,
रविवार, ३० ऑगस्ट १९९८

प्रिय ड्यूई,

खुशाल असशील. मीही ठीक. टोमॅटो यंदा इतके आलेत की मला पिशवी घेऊन येताना पाहिलं तर शेजारी दार लावून घेतात. लॉरीन दर शनिवारी येते आणि आईच्या पद्धतीचे म्हणून आलुबुखाराचे कोलाचे, ते गोड भरलेले पाव, करते. ॲग्नेस गेल्यापासून पोरीनं ते हट्टानं शिकून घेतलेत, पण पीठ काही अजून तिचं ऐकत नाही. मी मुकाट्यानं खातो.

पत्राचं कारण आधीच सांगतो, नाहीतर टोमॅटोवरच पानं भरतील. जूनपासून तुझा फोन नाही. इतकी वर्षं दर रविवारी रेडिओवरची बेसबॉलची मॅच संपली की तू केंटकीहून फोन करायचास आणि कोण कसा गाढवासारखा खेळला ते सांगायचास. आजची मॅच संपून बराच वेळ झाला. मी फोनशेजारी बसून हे लिहितोय.

आणि उन्हाळा तरी कसला! ते दोघं फलंदाज चेंडू मैदानाबाहेर धाडत होमरनवर होमरन मारतायत, एका हंगामातला सदतीस वर्षांपूर्वीचा विक्रम आता मोडतो की मग मोडतो. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा प्रार्थना आटपती घेतो. अशा वेळी तू गप्प? तू, जो पंचाच्या आईचीही विचारपूस करायचास?

काल न्हाव्याकडे गेलो होतो. कापायला केस उरलेले नाहीत, गप्पांसाठी गेलो. दारातून ऐकत होतो, आत नुसता कल्ला चालला होता. मी आत पाय ठेवला आणि सगळे चिडीचूप. एकानं उठून खुर्ची दिली, दुसऱ्यानं हवा छान पडल्याचं सांगितलं. मग एकेक जण कामं आठवून निघून गेला. मी आपला जुनी मासिकं चाळत बसलो.

त्यावरून आपल्या टीमचं बाकडं आठवलं. सत्तावन्न सालचं.

माझ्याकडे मारिसेल नावाची नर्स येते, फिलिपिन्सची. भिंतीवरचा आपला फोटो पाहून तिनं विचारलं, म्हणून तिला सगळं सांगितलं. नऊपैकी आठ डाव झाले होते आणि माझ्या चेंडूवर समोरच्यांना एकही हिट मिळाली नव्हती. आणखी एक डाव तसाच गेला असता, तर वरच्या लीगमध्ये बढतीचं तिकीट माझ्या खिशात होतं. आणि मी बाकड्याच्या एका टोकाला एकटा. बाकी सगळी टीम दुसऱ्या टोकाला, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी. कुणी माझ्याकडे बघेना, कुणी पाणी देईना. मॅनेजर सकाळपासून तेच च्युइंगम चघळत होता. रॉस्को बिचारा लघवीलासुद्धा उठला नव्हता.

मारिसेल म्हणाली, "म्हणजे तुम्ही चांगलं खेळत होतात म्हणून तुमच्याशी कुणी बोलत नव्हतं?"

मी म्हटलं, "बोललं की दृष्ट लागते. ती गोष्ट तोंडातून काढायची नसते. रीतच आहे तशी."

"काय माणसं आहात हो तुम्ही! आमच्याकडे वाळीत टाकलेल्यालासुद्धा कुणी चोरून विचारतं, जेवलास का म्हणून."

मग मी तिला तुझं सांगितलं. तू कॅचरचे पॅडबिड सोडून, एवढा मोठा आवाज करत, माझ्या शेजारी बदकन येऊन बसलास. "एमिल, हात थरथरतोय तुझा. घाबरलास होय? अरे, एकसुद्धा हिट बसलेली नाही अजून, माहितीय ना?" दुसऱ्या टोकाला सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मॅनेजरनं च्युइंगम गिळलं. आणि तू आपला तुझ्या मावशीचं डुक्कर लग्नात चर्चमध्ये कसं घुसलं ते सांगत बसलास. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात थांबला.

पुढचं तुला ठाऊक आहे. दोघे बाद झाले. तिसऱ्याच्या बॅटच्या मुठीला लागून चेंडू उडाला आणि आपल्या तिघा क्षेत्ररक्षकांच्या मधोमध, कुणालाच पोचता येणार नाही अशा ठिकाणी टपकन पडला. हिट! मॅच जिंकलो, पण माझी बढती हुकली आणि तू जन्माचा पनवती ठरलास. रॉस्को तर भर खोलीत ओरडला होता, "तोंड शिवून घे, पनवती!" तू हसलास. पण तेव्हापासून माझ्यावर काही वेळ आली की तुझी वाचा बसते, हे मी पाहत आलोय. ॲग्नेसच्या शेवटच्या आठवड्यांतही तुझा फोन नव्हता. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी तू दारात उभा.

लॉरीननं जूनमध्ये तुला कळवलं, हे मला माहीत आहे. तिनं लपूनछपून फोन केला, पण घर लहान आहे.

तर आता मीच बोलतो. कॅन्सर आहे, ड्यूई. पोटात. या घरात हा शब्द कुणी काढत नाही. लॉरीन कोलाचे करते, डॉक्टर 'ते' म्हणतो, गाव हवापाण्याचं बोलतं. सगळी भली माणसं आहेत आणि सगळी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आहेत. मला फार एकटं वाटतं रे. येत्या दहा तारखेला पोट उघडणार आहेत. डॉक्टर आशा देतो, पण माझ्या डोळ्यांकडे बघत नाही.

त्या एका हिटमुळे माझं आयुष्य वेगळं झालं असेल. पण त्या मॅचमधलं मला सगळ्यात लख्ख काय आठवतं, सांगू? ते डुक्कर. माझ्या चेंडूत खोट नव्हती, तुझ्या बोलण्यातही नव्हती. हिट बसायची ती बसते. माणूस गप्प बसल्यानं कधी चुकलेली नाही.

नऊ तारखेच्या बसनं ये. मी स्टँडवर येऊ शकणार नाही, लॉरीन येईल. आल्या आल्या मला विचार, "घाबरलास होय?" मी हो म्हणेन. मग ते डुक्कर पुन्हा सांग, पहिल्यापासून.

हात थरथरतोय, म्हणून अक्षर असं आलंय.

शेजारची जागा धरून बसलेला,
एमिल