तीन दिवस केस धुवायचे नाहीत

प्रिय वैशू,

तुला जाऊन सात महिने झाले. रडायला म्हणून लिहायला बसलेली नाही मी. संताप आवरेना म्हणून बसलेय. काल वसमतला गेले, तर त्या पार्लरच्या दारात नवा फ्लेक्स आणि त्यावर तू! पाठमोरी, कंबरेपर्यंत सरळसोट केस सोडलेली. गेलेल्या पोरीच्या फोटोवर गिऱ्हाईक ओढते ही बाई!

किती कुरळे, दाट केस होते गं तुझे! फणी अडकली की शिव्या मला खाव्या लागायच्या. तुझ्या होणाऱ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, केस तेवढे सरळ करून घ्या. फोटोत बरे दिसतेत." आणि तू लगेच तयार! माझं कधी ऐकलं नाहीस, त्यांचं बरं ऐकलंस?

लग्नाला चार दिवस असताना आपण दोघी त्या पार्लरात गेलो. बाईने पांढऱ्या कॅनमधून क्रीम काढलं, कॅनवर नाव ना काही. केसांवरून गरम इस्त्री फिरली तसा झोंबरा धूर निघाला.

"ताई, डोकं पेटून राहिलंय," तू म्हणालीस.

बाई हसली. "थोडं जळणारच. आता तीन दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई, न्हाईतर सगळं वाया."

ते आपण कडक उपासासारखं पाळलं. टाळूवर फोड आले, तर आईने भांगात कोरडी हळद दाबली. कुरुंद्याची माणसं आपण, घरात पोत्यांनी हळद. जखम दिसली की हळद लावायची, पुढचा विचारच नाही. पार्लरातून आलो त्याच संध्याकाळपासून तुला उलट्या होत होत्या. त्या आम्ही उन्हावर आणि लग्नाच्या धावपळीवर ढकलल्या.

हळद लागली त्या दिवशी तर तुझ्या डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधली, केस भिजू नयेत म्हणून! बायका हसल्या, तूही हसलीस. पाय सुजून पैंजण रुतत होते. दिवसभर लघवी झाली नव्हती, हे तू मला दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी सांगितलंस. माझ्यापाशी कसली गं लाज?

लग्न राहिलं बाजूला, तुला नांदेडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, ते केमिकल टाळूतून अंगात भिनलं असणार, फार उशिरा आणलंत. डायलिसिस केलं, पण तू हाती लागली नाहीस.

काल मी तशीच पार्लरात शिरले. खुर्चीत कॉलेजातली एक मुलगी बसली होती, केसांना चिमटे लावलेली. तिला सगळं सांगितलं, टाळूपासून किडनीपर्यंत. ती चिमट्यांसकट उठून गेली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं!

बाई चवताळली. "माझ्या पोटावर काहून पाय देऊन राहिल्या? तिचं डोकं तर तुमीच धरलं होतं!"

धरलं होतं, वैशू. तू उठायला बघत होतीस आणि मी "नवरी व्हायचंय ना, सोस थोडं" म्हणत तुझी मान दाबून धरली होती. आईला हे अजून माहीत नाही.

उद्या मी पोलिसात तक्रार देणार आहे. ते दुकान बंद पडेपर्यंत त्या बाईला सुखाचा घास खाऊ देणार नाही, हा माझा शब्द. आणि तुला कुणी धरून ठेवलं होतं, हे जबाबात त्यांनी विचारायच्या आत मीच सांगेन. आईला शेजारी बसवून सांगेन.

तुझीच,
ताई