चिमणीच्या कवितेला आमेन

प्रिय पद्मास,

आधी हेच सांगतो, बाळ छान आहे आणि आपली प्रांजली काल हसली.

बाळंतपणापासूनचं तिचं गप्प राहणं तुला फोनवर जाणवतच असेल. काल इथल्या चर्चला जाणाऱ्या शेजाऱ्यांनी आम्हाला तळ्याकाठी सहलीला नेलं. जेवणाआधी म्हणाले, "आजोबा, तुमची प्रार्थना म्हणा." प्रार्थना काही आठवेना, माझं मन तर केव्हाचं लहानपणीच्या किला गेटच्या शाळेत! दुसरीतली चिमणीची कविताच म्हटली, चिवचिवाटासकट. मराठीचा गंध नसलेल्या मंडळींनी डोळे मिटून ऐकली आणि मनापासून "आमेन" म्हटलं.

"बाबा, तुम्ही पण ना!" म्हणत प्रांजली हसत सुटली. मग बाळ एका आजींकडे देऊन पोटभर जेवली.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढत नाहीस ना?

आज सकाळी प्रांजलीच विचारत होती, "पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्याबरोबर जायचं का?"

इथून तुझ्याशीच बोलत असलेला,
बळवंत