थंडर बे ते हॅलिफॅक्स: सामान कोण नेणार

१२ मे
घडलेलं, क्रमाने:
१. दोन वर्षांपूर्वी गावातल्या गावात घर बदललं. सामान बाबांच्या ट्रकमधून नेलं.
२. आईच्या कपाटाच्या डाव्या दाराची काच तडकली.
३. बाबांना विचारलं. म्हणाले, रस्ता खराब होता.
४. रस्ता मी स्वतः जाऊन पाहिला. चांगला होता.
५. त्यानंतर हा विषय निघालेला नाही.
६. आता कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सच्या जहाज कारखान्यात नोकरी लागली आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. रस्ता तीनेक हजार किलोमीटरचा.

निर्णय: या वेळी व्यावसायिक कंपनी. यात भावनेचा प्रश्न नाही. वेल्डिंगचे सांधे तपासणं हा माझा व्यवसाय आहे. तडा दिसला की सांधा नापास, मग तो कोणी का जोडला असेना.

१५ मे
तक्ता तयार. निकष: विमा, लेखी अंदाज, फोन किती लवकर उचलतात, लोकांचे अभिप्राय. कंपन्या अ, ब, क, ड. अन्याय नको म्हणून बाबांनाही पाचवा पर्याय धरलं.
बाबा शेवटून पहिले. अभिप्रायांच्या रकान्यात शून्य, कारण तीस वर्षं लोकांचं सामान वाहूनही त्यांनी कोणाकडे अभिप्राय मागितलेलाच नाही. तक्ता माणूस बघत नाही. हेच त्याचं बलस्थान.

१९ मे, रविवार
बाबांकडे सौना, म्हणजे आमचं फिनिश वाफस्नान, मग कॉफी. सांगून टाकलं, की नव्या नोकरीतली कंपनीच ट्रक पाठवते आहे, फुकट. बाबा म्हणाले, "बरं." मग सौनाची चूल विझली का बघायला गेले. ती मघाशीच विझली होती.
हेल्मी आत्या म्हणाली, "खरंच की. जहाजं बांधणाऱ्यांना ट्रकचा काय तोटा!"
हे खोटं नव्हे. समोरच्याला लागू नये म्हणून माहिती सौम्य केली, इतकंच.

२४ मे
ब कंपनीचा माणूस घरी आला. कपाटं उघडून पाहिली, जिना मोजला, आणि म्हणाला, सामान कधी पोहोचेल ते नक्की सांगता येणार नाही. निराशावादी. गुण कापले.
ड कंपनीच्या ट्रेव्हरने पहिल्याच घंटीला फोन उचलला. घर न बघताच अंदाज दिला, तारीखही दिली. म्हणाला, "काइया, आमच्याकडे गिऱ्हाईक नसतंच. सगळी घरचीच माणसं."
ड ला पैकीच्या पैकी. आगाऊ रक्कम भरली. विषय संपला.

९ जून
आत्याचा फोन. "काय गं, तुझ्या त्या फुकट ट्रकवर नाव काय असतं? नाही, दिसला तर हात हलवीन म्हटलं." म्हटलं, मी कामात आहे.
मी खरोखरच कामात होते. खोकी मांडत होते.

२० जून
ट्रेव्हरकडे ट्रकचा नंबर मागितला. म्हणाला, ट्रक ठरतो आहे. विचारलं, तुमच्या ताफ्यातला कुठला? तो हसला. "ताफा कसला? आम्ही माणसं जोडून देतो."
शोध घेतला. ड कंपनीकडे एकही ट्रक नाही. ती कामं इंटरनेटवर टाकते, आणि ज्याचा ट्रक त्या आठवड्यात रिकामा असेल तो स्वस्तात ती उचलतो. पत्ता आणि नाव त्याला नंतर मिळतं.
माझ्या तक्त्यात ‘ट्रक आहे का’ असा रकाना नव्हता. पद्धत बरोबरच होती. माहिती अपुरी पडली.

२ जुलै
ट्रेव्हर: "जुना, भरवशाचा माणूस मिळालाय. नशीबवान आहेस." नाव? उद्या कागदावर दिसेल म्हणाला.
सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे.

३ जुलै, सकाळी ८
ट्रक वेळेवर आला. निळा. ट्रक माझ्या ओळखीचा आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाबांनी टोपी काढली नाही. कागदावरून आमचंच आडनाव वाचलं. म्हणाले, "सालो बाई आपणच ना?"
त्यांच्यामागून आत्या उतरली, हातमोजे चढवत. "आला गं बाई तुझा फुकटचा ट्रक! अगदी जहाजासारखाच आहे, नाही?"
बाबा म्हणाले, "हेल्मी, कामावर असताना गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या नाहीत."
"गिऱ्हाइकाशी कोण बोलतंय? मी या गाढवीशी बोलतेय."
नियमाप्रमाणे बाबांनी प्रत्येक वस्तूला आकड्याची चिकटपट्टी लावली आणि तिची अवस्था मोठ्याने वाचत लिहिली. टेबल, ओरखडे नाहीत. खुर्च्या, एकीचा पाय हलतो. मग आईचं कपाट.
"काचेचं कपाट, एक. डाव्या दाराची काच तडकलेली. आधीपासून. मान्य आहे का, बाई?"
मी म्हटलं, मान्य.
"मग सही."
केली.
स्वयंपाकघरात आत्याने गाठून सांगितलं. बाबांनी एप्रिलपासून हा आठवडा माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. कपाटाला गुंडाळायला नव्या जाड गोधड्या आणल्या होत्या. मी फुकट ट्रकचं सांगितलं आणि आठवडा रिकामा झाला. "घरात बसून तुझ्या आईच्या फोटोशी बोलत राहिला असता. मीच म्हटलं, घे कुठलंही काम. नाव काल रात्री कळलं."
विचारलं, मग तरी आले कशाला?
"का? तुझ्या ट्रेव्हरकडे दुसरा ट्रक होता?"
याचं तांत्रिक उत्तर ‘नाही’ असं आहे. ते मी दिलं नाही.

११ जुलै, हॅलिफॅक्स
सामान दिलेल्या तारखेला पोहोचलं. काही फुटलं नाही. कपाट नव्या गोधड्यांत होतं. निवड अखेर योग्यच ठरली, असं आकडेवारी सांगते.
बाबा डावा गुडघा न वाकवता जिना चढले. मी कॉफी केली होती, वेलदोड्याचा गोड पावही. पाव जन्मात पहिल्यांदा केला. बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या घरी आम्ही खात नाही." हा त्यांचा जुना नियम. मला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा तो इतर लोकांच्या घरांसाठी होता.
"काही नुकसान?"
"नाही."
सही केली. प्रवास कसा झाला, विचारलं.
म्हणाले, "रस्ता चांगला होता." आणि जिना उतरून गेले.
पाव मी खाल्ला. मध्ये कच्चा होता.

१५ जुलै
बाबा एव्हाना घरी पोहोचायला हवेत. फोन वाजत राहतो. काळजी नाही, केवळ खातरजमा.
आत्याला फोन केला. म्हणाली, "ट्रकची चौकशी कंपनीकडे करायची, बाई. तूच ठरवलंस ना तसं?" आणि ठेवला.

१६ जुलै
ट्रेव्हर आता पहिल्या घंटीला उचलत नाही. शेवटच्याही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. तक्रारीचा प्रकार निवडल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. त्यातल्या त्यात जवळचा निवडला: ‘पोहोच मिळालेली नाही.’ मजकुराची प्रत येथे ठेवते आहे.

"सामानाबद्दल तक्रार नाही. आपल्यामार्फत आलेले चालक रेइनो सालो थंडर बेला आपल्या घरी सुखरूप पोहोचले का, एवढंच कळवावं. शुक्रवार, १९ जुलैपर्यंत उत्तर द्यावं, ही विनंती.
काइया सालो, गिऱ्हाईक."