उजव्या दाराची खरेदी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आईंचा नवा चष्मा आला का? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. गाडीही उत्तम आहे. (हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण मंगळवारी सकाळी पाऊण तास ते अजिबात खरं नव्हतं.) पुढचं कृपा करून उभ्याने वाचू नका.

झालं असं, की गेल्या रविवारी मी गाडी मागे घेत होतो. तुमची कन्या फाटक उघडायला उतरली आणि डावं दार उघडंच राहिलं (कोणाकडून, हा खटला घरात अजून चालू आहे). मी मागे बघत होतो, दार पुढे बघत होतं, आणि फाटकाचा खांब मध्ये आला. दार उलटं फिरून बॉनेटला जाऊन भेटलं. असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. फिटरने दाराकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, नवं दार मिळणार नाही, ही गाडी बनवणं कधीच बंद झालंय, यार्डात जाऊन जुनं शोधा. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, नवं खरंच नाही का? कारण गाडी आमच्या स्वाधीन करताना तुम्ही तासभर बजावलं होतंत, की या गाडीत एकही जुना भाग गेलेला नाही आणि जाताही कामा नये, जुना भाग बसवणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून जेवणं. ते ऐकल्यापासून मला रस्त्यात जुनी गाडी दिसली तरी दात आठवतात. पण दुसरा इलाज नव्हता. बिनदाराच्या गाडीत तुमची कन्या बसेना.

यार्ड म्हणजे मोडक्या गाड्यांचं गावच. मी सावली बघून एका पत्र्याच्या शेडखाली गाडी लावली. राखणदाराने किल्ली मागितली, मी दिली. (मला वाटलं, केवढं हे अगत्य!) मालकीणबाई एका जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून काम पाहतात. त्यांनी डावं दार काढून दाखवलं. होतं धडधाकट, पण पांढरं. मी नाक मुरडतोय तोच मागच्या बाजूने दोन कारागीर एक उजवं दार उचलून आले. बाबा, काय दार होतं! रंग थेट आपल्या गाडीचा, तोच उन्हाने विटलेला निळा. काचेवर ओरखडा नाही, कडी लोण्यासारखी फिरत होती.

मी मालकीणबाईंना म्हणालो, "हे दार कुणीतरी सज्जन माणसाने वापरलेलं दिसतंय."

"आत्ताच आलंय," त्या म्हणाल्या. "हवंय का? त्याच गाडीची सीटपण आहे."

मला उजवं दार नकोच होतं. पण इतकं चांगलं दार सोडायचं अगदी जिवावर आलं. म्हटलं, घरात एक जास्तीचं असू दे. सीटवरही बसून पाहिलं. पाठीचा खळगा जणू माझ्या मापाने पाडलेला, शिवाय सीट अजून कोमट. मी दोन्ही पक्की केली आणि ती ठेवायला गाडीकडे गेलो.

बाबा, गाडीला दारं नव्हती. सीट नव्हती. बॉनेट जमिनीवर होतं, आणि एक माणूस स्टीअरिंग हातात धरून उभा होता. त्याने मला अदबीने विचारलं, "हेपण पाहिजे का, साहेब?"

बसावं म्हटलं तर सीट मीच विकत घेऊन बसलो होतो. मग कळलं, की त्या शेडमध्ये लावलेली गाडी मोडीत काढायची असते. तशी पाटीही होती, टायरांच्या ढिगामागे. मी ओरडलो की रडलो, नक्की आठवत नाही, पण मालकीणबाई धावत आल्या आणि गाडी बघताच कारागिरांवर बरसल्या. "अरे, ही तर हेडमास्तरांची गाडी!"

हेडमास्तर म्हणजे तुम्ही! मला वाटलं, माझ्या कानातच काहीतरी बिघडलंय. पण त्या बोट ठेवून ठेवून सांगू लागल्या. रेडिएटर त्यांच्याकडचा. स्टार्टर त्यांच्याकडचा. मागचे दोन्ही दिवे, वायपरची मोटर, डिकीचं झाकण, सगळं त्यांच्याकडचं. "चार गाड्या मोडल्या तेव्हा ही एक चालली," म्हणाल्या. वर हेही सांगितलं, की हेडमास्तरांनी एकदा एका नव्या भागाचं कोरं रिकामं खोकं मागून नेलं होतं, ते अजून परत आलेलं नाही.

कारागिरांनी मुकाट्याने सगळं होतं तसं बसवलं, पांढरं दारही बसवून दिलं. दोष त्यांचा नव्हता. पण घरी येईपर्यंत मी तुमचे जुने भाग बोटांवर मोजत आलो, आणि एका हाताची बोटं पुरली नाहीत. राग नाही, बाबा. फक्त धक्का आहे. आईंना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

तुमचा आज्ञाधारक,
जावई

ता. क. खरं काम राहिलंच. ते खोकं अजून तुमच्याकडे असेल तर पाठवा. पांढऱ्या दाराला मी निळा रंग दिला आहे आणि हिला ते कोरं नवं आहे म्हणून सांगितलं आहे. दार खोक्यात मावणार नाही, पण नुसतं खोकं दिसलं तरी पुरे.

ता. ता. क. बाबा, हे अक्षर माझं. यांनी पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं. काल ऑफिसला जाताना माझ्या बाहीला निळा रंग लागला, तेव्हाच मला दाराचं गुपित कळलं होतं. पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या खोक्यात तिची बटणं असतात. दर वेळी तुम्ही बटणं ताटलीत ओतून खोकं बाहेर न्यायचात, संध्याकाळी "नवा भाग आणला" म्हणत परत आणायचात, आणि ती पुन्हा बटणं भरायची. एवढ्यासाठी काय बोलायचं, म्हणाली. पण ब्रेकच्या वेळीही तुम्ही तेच खोकं नेलं होतंत, हे आठवून तिने मला गाडीत बसू नको म्हणून बजावलं आहे. बाबा, ब्रेक नवे आहेत ना? पत्र नको, फोन करा. तोवर आम्ही पायीच जातोय.